पडवळाच्या पुडीतलं पान

वसईपासून विरारपर्यंत जेवढी म्हणून वाचनालयं आहेत, त्या सगळ्यांना आमच्या वन्संनी जेवढं छळलं तेवढं वाळवीनेही छळलं नसेल. आणि त्यांनी आयुष्यात वाचलेलं पुस्तक म्हणाल तर एकच. तेही अपुरं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माहेर आमचं निर्मळचं घर, सासर गासला. शिक्षण माझ्याएवढंच, चौथी. मलाही वाचता येतं, नाही असं नाही. पंचांग, लग्नाच्या पत्रिका, खताच्या पिशवीवरचा मजकूर, एवढं मी वाचते. पुस्तक हातात धरलं की मात्र मला झोप येते, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. वन्संचं तसं नव्हतं. त्यांना पुस्तकांची आवड होती असंही नाही. त्यांना एका पुस्तकाचा शेवट हवा होता. पुढची सगळी कथा एवढीच आहे.

शेवट गेला कुठे, ते आधी सांगते. माझे सासरे, मामंजी, वाडीतले नामी शेतकरी. दुधी, पडवळ, वांगी, वाल, कशाचंही बी धरावं तर त्यांनी. बी वाळवायचं, राखेत घोळवायचं, कागदाच्या पुडीत बांधायचं आणि सगळ्या गोतावळ्यात वाटायचं, असा त्यांचा दर वर्षीचा नेम. पुड्यांसाठी सोपाऱ्याच्या वाण्याकडून रद्दी आणायचे. त्या रद्दीत एकदा एक पुस्तक आलं. पुठ्ठा नाही, पुढची पानं नाहीत, म्हणजे नाव गेलेलं. वन्संची शाळा नुकतीच सुटली होती. घरात दुसरं काही वाचायला नव्हतं, म्हणून त्या ओटीवर बसून ते वाचायला लागल्या. गोष्ट होती मंजुळा नावाच्या मुलीची. नवरा परीक्षेला म्हणून शहरात जातो, त्याचा पत्ता लागत नाही, सासू तिला घराबाहेर काढते, आणि मंजुळा हातात गाठोडं घेऊन नदीच्या घाटावर येऊन उभी राहते. तिन्हीसांज झालेली. लांबून एक होडी येते. होडीत कोणीतरी घोंगडी पांघरून, कंदील धरून उभं आहे. होडी काठाला लागते. "मंजुळेने पदर सावरला, कंदिलाच्या उजेडात तो चेहरा पाहिला, आणि"

पुढे नाही. वन्सं पुढून वाचत होत्या आणि मामंजी मागून फाडत होते. बाप आणि लेक त्या "आणि"पाशी येऊन भेटले. पुढची पानं बियाणं होऊन गावोगाव गेली होती.

दुसरी मुलगी असती तर दोन दिवस रडली असती आणि विसरली असती. वन्सं पुड्या शोधायला निघाल्या. नंदाखालला मामाकडे, गासला आत्याकडे, जिथे जिथे मामंजींचं बी गेलं तिथे तिथे. लोकांनी बी पेरून कागद चुलीत घातलेला. फक्त गासच्या आत्याने पडवळाची पुडी अजून सोडली नव्हती. वन्संनी बिया परातीत ओतल्या आणि कागद घेऊन पळत सुटल्या. त्या पानावर काय होतं, ते मला पाठ आहे, कारण पुढची पन्नास वर्षं मी ते ऐकलं. पान मध्येच सुरू व्हायचं: "म्हणून ती जी हसत सुटली ती थांबेचना. हातातला तांब्या कलंडला, अंगण ओलं झालं, तरी ती हसतच होती. 'अगं, पुरे,' आतून कोणी म्हणालं." मग पुढे दुपारच्या उन्हाचं, तुळशीचं, दारावरून जाणाऱ्या बांगडीवाल्याचं वगैरे वर्णन, आणि पान संपलं. पानाचा आकड्याचा कोपरा पुडीला पीळ देताना फाटला होता.

"बघ," वन्सं म्हणायच्या, "मंजुळा जगली. हसते आहे. म्हनजे होडीत कोनीतरी बरा मानूस होता."

मी लग्न होऊन आले तेव्हा माहेरी आलेल्या वन्संनी मला ते पान पहिल्यांदा दाखवलं. मी नवी नवरी, पण मला दिसलं ते बोलल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "वन्सं, ह्यात मंजुळेचं नाव कुठे आहे? नुसतं 'ती' आहे. आणि अक्षरंही जरा मोठी दिसतात."

"ती म्हनजे मंजुळाच. दुसरी कोन असनार?"

"आणि अक्षरं?"

"बियांच्या ओलीने फुगली असतील," वन्संनी सांगितलं आणि पान आत ठेवलं. मी पुन्हा विषय काढला नाही. माणूस जिथे अक्षरं फुगवायला तयार होतो तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो.

वन्संना सासर गासचंच मिळालं होतं. चांगली दोन-तीन स्थळं सांगून आली होती, त्यांनी गासलाच मान डोलावली. माझी खात्री आहे, आत्याच्या गावात आणखी पुड्या सापडतील ह्या आशेवर त्यांनी हो म्हटलं. नव्या नवरीने सासरी गेल्या गेल्या बियाण्याचे सगळे डबे, मडकी, भोपळ्याचे तुंबे उघडून बघितले. सासूला काय कळणार? ती गावभर सांगत सुटली, "सून लाखात एक आहे. हळद उतरली नाही तर बियान्याची चौकशी करते." 

लोकांना वाटतं, अशी बाई म्हणजे संसारात काहीतरी उणं असणार. कोणाची तरी वाट बघत असणार. तसलं काही नव्हतं. यजमान त्यांचे अतिशय चांगले. भाताची शेती, कमी बोलणं, व्यसन नाही. वाचनाशी त्यांचा संबंध नव्हता, पण बाजारात भजी खाल्ली तर कागद घडी करून खिशात घालून आणायचे. कोणी हसलं तर सांगायचे, "आमच्या हिला लागतो." ह्याहून जास्त प्रेम मी तरी नवऱ्याच्या जातीत पाहिलेलं नाही. वन्सं तो तेलकट कागद उजेडाकडे धरून वाचायच्या. बहुतेक वेळा गणिताची वही निघायची. घरात मात्र त्यांचा कायदा कडक होता. छापील कागदात बी बांधायचं नाही. केळीच्या सोपटात बांधा, फडक्यात बांधा, पण कागद फाडलेला दिसला तर जेवण बंद. बाहेरही तीच तऱ्हा. एस्टीच्या थांब्यावर कोणी वडा खात उभा असला, तर त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या. तो बिचारा भूक लागली असेल समजून अर्धा वडा पुढे करायचा. "वडा नको बाबा," वन्सं म्हणायच्या, "खाऊन झाला की कागद बघू."

यजमान गेले, मुलं हाताशी आली, आणि सन नव्वदच्या पुढे कधीतरी धाकट्या मुलाचं लग्न झालं. सून विरारची, नोकरी करणारी, वाचनालयाची सभासद. ती घरी गोष्टीची पुस्तकं आणायची आणि आठवड्याने परत करायची. वन्संना हे नवीन होतं. त्यांनी सुनेला विचारलं, "परत कुठे करतेस?" तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं माझ्या दारात. मी वांगी तोडत होते.

"वहिनी, चल. विरारला एक घर आहे, तिथे पुस्तकं शेवटासकट ठेवतात. बघायला पैसे पडत नाहीत."

"मग तुम्ही जा की. मला कशाला ओढता?"

"एकटी गेले तर वेडी समजतील. दोघी गेलो तर चौकशीला आल्यात असं वाटेल."

अशी मी ह्या भानगडीत पडले. मला पुस्तकाशी देणंघेणं नव्हतं, पण दोघी विधवा, सुना कामाच्या, वाडीत करण्यासारखं फार उरलं नव्हतं, आणि एस्टीने फिरायला मला आवडतं.

वन्संची शोधण्याची रीत त्यांची स्वतःची होती. यादी बघणं नाही, कपाट बघणं नाही. टेबलासमोर उभं राहायचं आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. विरारला टेबलामागे एक तरुण मुलगी बसायची, कोकणातून आलेली, सगळे तिला मॅडम म्हणायचे. तिने पहिल्या दिवशी विचारलं, "आजी, पुस्तकाचं नाव काय?"

"नाव ठाऊक असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

"बरं, लेखक कोण?"

"त्याने नाही सांगितलं."

"काही खूण वगैरे?"

"आहे ना. घाटाच्या पानावर हळदीच्या बोटाचा डाग आहे. माझाच. ओटीवर बसले होते नि आईने हाक मारली."

मॅडम हसली नाही, ह्याचं मला कौतुक वाटलं. ती म्हणाली, "आजी, तो डाग तुमच्या पुस्तकावर होता. आमच्या पुस्तकावर कसा असेल?"

"बघून तर घे," वन्सं म्हणाल्या.

तोपर्यंत वर्तमानपत्रं वाचणाऱ्या पेन्शनरांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली होती. त्या लोकांना रोज त्याच त्याच बातम्या, त्यात ही होडी आली. एक मुंबईच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, पंख्याखालची खुर्ची त्यांची ठरलेली. ते ठामपणे म्हणाले, "होडीत नवराच. परीक्षा पास होऊन आला." दुसरे एक कोपऱ्यातून म्हणाले, "छे, सासरा असणार. सासऱ्याला दया आली." झालं, दोन तट पडले. आम्ही पुढच्या वेळी गेलो तेव्हा नवऱ्याचे आणि सासऱ्याचे एकमेकांशी बोलत नव्हते. मॅडमने शांतता राखा ह्या पाटीकडे बोट दाखवलं तर पंख्याखालचे म्हणाले, "मॅडम, इथे एका बाईच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

विरारहून रिकाम्या हाताने आलो म्हणून वन्सं थांबल्या नाहीत. जवळपासचं प्रत्येक कपाट त्यांनी उघडायला लावलं. एका गावात वाचनालय म्हणजे एकच कपाट, आणि किल्ली ज्याच्याकडे तो केळीला पाणी लावायला गेलेला. आम्ही वाडीत जाऊन त्याला चिखलातून बाहेर काढलं. वन्संनी त्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक मागून उघडून बघितलं, कारण त्यांना हवं होतं ते मागेच असणार. पाय धुवायचे राहिलेला तो मनुष्य म्हणाला, "काकी, पुस्तक सुलट धरून वाचतात." वन्सं म्हणाल्या, "सुलट वाचलेलं आहे माझं. उलट राहिलंय."

एका चर्चच्या आवारात पुस्तकांची खोली आहे असं कळलं, तर तिथेही गेलो. फादर आमच्याच बाजूचे, वाडीतले. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला, सगळी गोष्ट ऐकली. मग म्हणाले, "मावशी, आमच्याकडे धर्माची पुस्तकं जास्त. गोष्टींची थोडी."

"तुमच्या पुस्तकांत शेवटी सगळं बरं होतं काय, फादर?"

"होतं," फादर म्हणाले, "पण बहुतेकांचं मेल्यावर."

"मग नको. माझी जिवंत आहे." 

फादर मोठ्याने हसले. म्हणाले, मी तुमच्या मंजुळेसाठी प्रार्थना करीन. वन्सं म्हणाल्या, "करा, पन आधी कपाट उघडा." फादरनी कपाट उघडलं. मंजुळा नव्हती. येताना वन्संनी त्यांना घरच्या सुकेळ्यांचं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं दिलं. वाळलेल्या पानात बांधलेलं, कागदात नव्हे.

मग मॅडमने सांगितलं, मुंबईला जुन्या पुस्तकांचं मोठं ग्रंथालय आहे, संशोधन करणारे लोक तिथे जातात. गेलो. दगडी जिना, उंच छत, आणि बोललं की आपलाच आवाज परत येतो. दारातल्या माणसाने विचारलं, "संशोधनाचा विषय?" वन्सं गोष्ट सांगायला लागल्या तर तो म्हणाला, "थोडक्यात सांगा." वन्संनी थोडक्यात सांगितलं, "होडी." त्याने आत जाऊन धूळ झटकत एक एवढा जाडा ग्रंथ आणून समोर ठेवला. बंदरं, गलबतं, शिडं, सुकाणू, सगळी चित्रं. मी म्हटलं, "सांगा त्याला, हे नव्हे." वन्सं म्हणाल्या, "एवढं वजन उचलून आनलं त्याने. बघायला नको?" दुपारभर त्यांनी तो ग्रंथ शेवटापासून पुढे बघितला. मी टेबलावर डोकं ठेवून झोपले. येताना विचारलं, "काय होतं शेवटी?" म्हणाल्या, "बरं होतं. सगळ्या होड्या बंदरात होत्या."

अशी वर्षं गेली. गुडघे दुखायला लागले, तरी महिन्यातून एकदा विरार चुकलं नाही. वन्सं मॅडमसाठी चाफा न्यायच्या, वालाच्या शेंगा न्यायच्या. कधी कधी मॅडम म्हणायची, "आजी, इतकं मनात आहे तर शेवट तुम्हीच लिहा ना. मी कागद देते." वन्संना राग यायचा तो ह्या एका गोष्टीचा. "मी केलेला शेवट मला काय करायचा? तो मला ठाऊकच असनार. मला खरा पायजे." मला वाटतं, एवढं शहाणपणाचं वाक्य त्या वाचनालयात दुसऱ्या कोणी उच्चारलं नसेल. पण मी ते वन्संना सांगितलं नाही. चढून बसल्या असत्या.

सन दोन हजार उलटल्यावर एका सकाळी धाकट्या सुनेचा फोन, मॅडमने निरोप दिलाय, पुस्तक मिळालं. मॅडम कुठल्याशा ग्रंथपालांच्या शिबिराला गेली होती. तिथे जेवताना तिने ही गोष्ट सांगितली, तिला आता ती वन्संइतकीच पाठ होती. कोकणातल्या एका जुन्या वाचनालयाचे म्हातारे गृहस्थ घास हातात धरून म्हणाले, "हे आमच्याकडे आहे." त्यांनी ते पाठवून दिलं. पुस्तकाचं नाव मी सांगत नाही. इतकी वर्षं नावावाचून चाललं, आता तुम्हाला तरी कशाला?

वन्सं ठेवणीतलं पातळ नेसल्या. अंबाड्यावर चाफा घातला. एका पिशवीत केळ्यांची फणी घेतली. वाचनालयात बातमी आधीच पसरली होती. नवऱ्याचे आणि सासऱ्याचे सगळे हजर. मॅडमने टेबल पुसून त्यावर पुस्तक ठेवलं होतं, लाल पुठ्ठ्याचं. वन्सं बसल्या. वाचनालयात पहिल्यांदाच त्यांनी पुस्तक पुढून उघडलं. पानं चाळत घाटापर्यंत आल्या. बोटाने ओळ धरून वाचत गेल्या, ओठ हलत होते. "आणि"वर बोट थांबलं. मग पान उलटलं.

मी समोर बसले होते, मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. फार वेळ लागला नाही. दोन-तीन पानं उलटली आणि पुस्तक संपलं. मग त्या परत मागे आल्या. पुन्हा पुढे गेल्या. एखाद्याचं काही पडावं आणि त्याने पदर झटकून बघावा, तशी पानं चाळत होत्या. मला वाटलं, हळदीचा डाग शोधतात की काय.

शेवटी पंख्याखालचे पेन्शनर राहवेना म्हणून म्हणाले, "आजी, कोण होतं?"

वन्संनी पुस्तक मिटलं. सगळ्यांकडे बघितलं. मॅडमकडे जरा जास्त बघितलं. म्हणाल्या, "नवराच. पास होऊन आला नि घेऊन गेला. पुढे आपली अंगनात हसतेबिसते. चांगली आहे गोष्ट."

एकच गलका झाला. पंख्याखालच्यांनी टाळी वाजवली. सासऱ्याच्या तटातले गृहस्थ उठून त्यांचा हात हातात घेऊन हलवायला लागले. मॅडमने डोळे पुसले. केळी वाटली. शांतता राखा ह्या पाटीखाली एवढा आनंद पुन्हा कधी झाला नसेल.

बाहेर येऊन आम्ही रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलो. मी म्हटलं, "चला, सुटलात एकदाच्या."

"मेली गो," वन्सं म्हणाल्या.

"कोण?"

"मंजुळा. होडीत नुसता निरोप्या होता. नवऱ्याने तिकडे दुसरी केली, हे सांगायला आलेला. ही तशीच मागे फिरली नि पान्यात गेली. तिथेच संपतं."

"मग आत खोटं कशाला बोललात?"

"ती पोर किती वर्षं शोधत होती. नि ते म्हातारे. सगळे वाट बघत बसलेले. त्यांच्या तोंडावर मेली म्हनून सांगू?"

रिक्षा आली, आम्ही बसलो. बोळिंजच्या पुढे गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "पुस्तकात तांब्या कुठेच नाही. अंगन नाही. बांगडीवाला नाही. दोनदा बघितलं मी."

मला काय बोलायचं ते कळत होतं. अक्षरं मोठी होती, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मामंजींनी काय एकच पुस्तक फाडलं होतं? रद्दी ती रद्दी, आत्याच्या पुडीला दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाचं पान लागलं. पन्नास वर्षं ज्या हसण्यावर ही बाई जगली ते मंजुळेचं नव्हतंच. रिक्षात असं काही बोलून दाखवण्याची गरज नसते. तिचं तिला कळलेलं असतं.

निर्मळला उतरताना वन्संनी माझा हात धरला. "वहिनी, मग ती हसनारी कोन?"

"असेल कोणीतरी."

"कोनीतरी म्हनजे? ती जिवंत आहे. हसते म्हनजे जिवंतच असनार. हिची गोष्ट शोधायला पायजे."

मी कपाळाला हात लावला. पण पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच टेबलासमोर उभ्या होतो. मॅडम म्हणाली, "आजी, आता काय राहिलं?"

"आनखी एक गोष्ट आहे माझी," वन्संनी सांगितलं. "ही सोपी आहे. हिच्यात नदी नाही." आणि ते पडवळाच्या पुडीचं पान टेबलावर उलगडून ठेवलं.

पंख्याखालच्या पेन्शनरांनी मध्यंतरी ते लाल पुस्तक घरी वाचायला नेलं होतं. म्हणजे त्यांना खरं काय ते कळलं होतं. त्यांनी कोणाला अवाक्षर सांगितलं नाही, सासऱ्याच्या तटालाही नाही. फक्त त्या दिवसापासून वन्सं दारात दिसल्या की ते उठायचे, आपली खुर्ची रिकामी करायचे आणि कोपऱ्यात जाऊन बसायचे.

ह्या दुसऱ्या शोधाला काही धरबंध नव्हता. मंजुळेला निदान नाव होतं, घाट होता, सासू होती. हिला काय? एक तांब्या आणि एक हसू. फादरना जाऊन विचारलं. किल्लीवाल्याला पुन्हा केळीतून बोलावलं. वन्सं आता पुस्तकं मागूनही उघडत नव्हत्या आणि पुढूनही नाही, मधूनच उघडायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू झाले, मग मी वाचायचे आणि त्या ऐकायच्या. एकेक पान. मला जांभई आली की चिमटा काढायच्या. होडीत कोण होतं हे त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. पण एखाद्या दुपारी ओटीवर वाल सोलताना हात थांबायचा. "कशाला हसली असेल गो?"

"वन्सं, मला काय माहीत? एखादीला येतं हसू."

"'म्हनून' हसली असं लिहिलंय. म्हनजे काहीतरी झालं असनार."

मी एकदा कंटाळून म्हटलं, "तांब्यात बेडूक निघाला असेल."

त्या हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "असेल. पन तू केलेलं नको. खरं पायजे."

वन्सं जाऊनही आता काही वर्षं झाली. शेवटी शेवटी फार हाल झाले नाहीत, निजूनच होत्या. रडण्याचा माझा स्वभाव नाही. त्यांच्या सुनेने मला बोलावून ते पान दिलं, म्हणाली, मामी, हे तुमच्याकडेच असू द्या. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या पानाच्या डब्यात ठेवलं. घड्यांवर आता आरपार दिसतं. अक्षरं मोठी आहेत हे खरंच, पण आजकाल मला ती बियांच्या ओलीने फुगलेलीच वाटतात.

एस्टीने फिरायला मला आवडतं, ते मी वर सांगितलंच. म्हणून महिन्यातून एकदा विरारला जाते. वाचनालयात आता संगणक आला आहे. परवा टेबलावर एक नवीन मुलगी होती, तिने विचारलं, "आजी, नाव सांगा, मी टाकून बघते." मॅडम आतून बाहेर आल्या. त्यांचे केस आता पिकले आहेत. त्या मुलीला म्हणाल्या, "त्यांच्या पुस्तकाला नाव नाही. त्यांना पुढचं कपाट उघडून दे." मग मला म्हणाल्या, "बसा आजी," आणि पंख्याखालची खुर्ची ओढून दिली.

पुस्तक हातात घेतलं की मला अजून झोप येते. पण एक पान होईपर्यंत मी जागी राहते. मधूनच कुठेतरी उघडते, आणि त्या पानात कोणाच्या हातातला तांब्या कलंडतो का, तेवढं बघते. नाही कलंडला तर पुस्तक जागेवर ठेवते. कपाटं अजून बरीच आहेत.